अकरावी ओळ

वही बांधायला शिकवणं सोपं, दहा माणसांना एका वेळेला आणणं अवघड. त्यात वर्ग पडद्यावरचा आणि ही दहा माणसं दहा ठिकाणी. एकाकडे सकाळ तर दुसऱ्याकडे दुपार. एक नर्स होती, तिची पाळी दर आठवड्याला बदलायची. एक बेकरीवाला होता, त्याला जेवणानंतर डुलकी लागली नाही तर पुढचा सगळा दिवस वाया जायचा. वर्ग चालवणाऱ्या संस्थेत वेळापत्रकाचं काम बघणारी मुलगी शिकवणाऱ्या बाईंना रोज फोन करायची आणि रोज नवीन रडगाणं गायची.

"बाई, साडेतीन सगळ्यांना चालतंय. फक्त नर्सला नाही."

"मग नर्सला कधी चालतंय?"

"सहाला. पण सहाला बाकी कुणालाच नाही."

नाकी नऊ आले तेव्हा कुठे पंधरा दिवसांनी साडेचार ठरले. सोमवार आणि गुरुवार, साडेचार ते पावणेसहा, आठ आठवडे. बुधवारी शंकांचा तास, म्हणजे अडीचपासून प्रत्येकाला पंधरा-पंधरा मिनिटं एकट्याने बाईंशी बोलायला. मुलीने तक्ता बनवून पाठवला. दहा नावं, दहा ओळी. बाईंनी तो बघितला आणि लगेच फोन लावला.

"यात एक ओळ वाढव."

"अकरावं कोण आहे?"

"कुणी नाही. पण असू दे एक."

ती बाइंडिंगवाल्यांची सवय होती. शंभर प्रती बांधायच्या असतील तर घड्या एकशेएक प्रतींच्या घालायच्या. एखादा कागद फाटतो, एखाद्यावर खळ सांडते, मग ऐन वेळी धावाधाव नको. सदतीस वर्षं बाईंनी एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर तसंच केलं होतं. म्हणून सामानाची पाकिटंही त्यांनी अकरा भरली. दहा टपालाने गेली, अकरावं कपाटात राहिलं. तक्त्यात अकरावी ओळ आली, तिच्यासमोर बुधवारची वेळ पाच ते सव्वापाच. नावाच्या जागी मुलीने एक टिंब टाकलं, कारण रिकामी जागा संगणक घेईना.

शिकवण्याची खोली म्हणजे घराची मागची खोली. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसे आणि त्या भिंतीवरून परतलेला उजेड पाचपर्यंत टेबलावर राही. बाईंच्या यजमानांनी जुन्या दिव्याच्या मानेला कॅमेरा असा बसवून दिला होता की त्यात फक्त टेबल दिसावं आणि टेबलावरचे हात. यजमान आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झालेले. घरात पडदा लावायचा तरी आधी तीनदा माप घ्यायचे, म्हणून बाई त्यांना मोजपट्टी म्हणत. आधी मनातल्या मनात, मग तोंडावर.

बाईंचा वर्गाचा नियम एकच होता: चेहरे नकोत, हात दाखवा. शिकणाऱ्यांनीही कॅमेरा खाली वळवायचा. चेहरा समोर असला की माणसं मान डोलावतात आणि समजलं नसलं तरी समजल्यासारखं करतात. हातांना हे नाटक जमत नाही. त्यामुळे तीन वर्षांत बाईंना आपल्या विद्यार्थ्यांपैकी एकाचाही चेहरा माहीत नव्हता, आणि त्यांचं काही अडलं नव्हतं.

अडलं होतं ते दुसरीकडे. गेल्या वर्षापासून त्यांच्या उजव्या हाताला कापरं भरू लागलं होतं. आधी फक्त सुईत दोरा ओवताना, मग पेन धरताना. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण वाढत जाणार. आणि इकडे संस्थेच्या संचालकांच्या डोक्यात आलं होतं की बाईंचे तीन वर्षांपूर्वीचे तास रेकॉर्ड केलेले आहेतच, तेच दाखवले तर काय बिघडलं? ज्याला जेव्हा सवड असेल तेव्हा त्याने बघावं, वेळापत्रकाची कटकटच नको. या तुकडीच्या शेवटच्या तासाला ते स्वतः येऊन बसणार होते, आणि मगच ठरवणार होते.

म्हणजे शेवटच्या तासाला कॅमेऱ्याखाली हात कापला, की संपलं. बाईंनी हे मोजपट्टींना सांगितलं नव्हतं. ते मोजत बसले असते. पण साडेचार वाजता दहा चौकटी उघडतात, दहा जोड्या हात टेबलावर येतात, हा त्यांच्या आठवड्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण होता. तो गेला तर मागे उरलेल्या दुपारींचं काय करायचं, हे त्यांना खरोखरच सुचत नव्हतं.

पहिले दोन आठवडे मजेत गेले. बेकरीवाल्याची जाडजूड बोटं कागद कणकेसारखा दाबायची. नर्सची नखं मुळापासून कापलेली, आणि तिची घडी पहिल्याच दिवशी सरळ. एक आजोबा होते, हातावर वयाचे डाग, प्रत्येक गोष्ट दोनदा करायचे आणि दोन्ही वेळा चुकवायचे. एका कारकुनाच्या मधल्या बोटाला कायम शाई. बाई त्यांना त्याच नावांनी हाका मारत आणि कुणाला राग येत नसे.

"आजोबा, घडी उलटी झाली."

"मुद्दाम केली, बाई. तुम्ही बघताय का ते बघत होतो."

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी शिवण सुरू झाली. मोठ्या कागदाच्या घड्या घालून सोळा पानांचा जो गठ्ठा होतो त्याला फर्मा म्हणतात. असे बारा फर्मे एकावर एक शिवले की वही होते. शिवायला घेण्याआधी फर्मे मोजायचे, ही पहिली शिस्त. बाईंनी आपले बारा मोजले आणि त्याच ओघात नजर पडद्यावर गेली म्हणून स्वतःची सोडून चौकटीही मोजल्या. अकरा भरल्या.

पुन्हा मोजल्या. अकरा.

शेवटच्या ओळीत उजवीकडे एक चौकट होती. तपकिरी पुठ्ठ्यावर दोन हात, राखाडी बाह्या मनगटापर्यंत. नावाच्या जागी टिंब. हात ना तरुण ना म्हातारे, बाईचे की पुरुषाचे तेही कळू नये असे. टापटीप. समोर बारा फर्मे, सुई, मेण लावलेला दोरा.

कुणीतरी दुसऱ्या फोनवरून जोडलं गेलं असेल, असं वाटून बाईंनी तास चालू ठेवला. तास संपल्यावर मुलीला फोन केला.

"माझ्याकडे दहाच दिसतायत, बाई. दहा आले, दहा गेले."

"अकरावा कोण होता मग?"

"अकरावी ओळ तर रिकामी आहे ना? तुम्हीच म्हणालात, असू दे."

बाईंनी विषय सोडून दिला. संगणकाचं काय, त्याला रिकामी जागा चालत नाही आणि भरलेली दिसत नाही.

गुरुवारी राखाडी बाह्या पुन्हा आल्या. बाई टाका घालत, मग राखाडी बाह्या तोच टाका घालत. एका टाक्याने मागे, जसा चांगला शिकणारा असतो. काम सुंदर होतं. दोरा ओढताना कागदाला इजा नाही, गाठ अगदी कडेला. नर्सच्याही लक्षात आलं.

"बाई, ते राखाडी बाहीवाले छान शिवतात. आधी शिकलेले आहेत का?"

"त्यांनाच विचारा," बाई म्हणाल्या.

नर्सने विचारलं. चौकटीतले हात जरासे थांबले आणि पुन्हा कामाला लागले. आवाज आला नाही. असतात काही लोक लाजरे, असं म्हणून सगळे हसले.

त्यानंतरच्या बुधवारी पाच वाजता दहाव्याची शंका संपली आणि बाई पडद्यावरची खिडकी बंद न करताच चहा घ्यायला लागल्या, तशी ती चौकट उघडली. एकटीच, म्हणून मोठी दिसत होती. पुठ्ठ्यावर हात शेजारी शेजारी ठेवलेले.

"ऐकू येतंय का तुम्हाला? येत असेल तर एक बोट उचला."

उजव्या हाताचं पहिलं बोट वर झालं.

"काही अडचण आहे का?"

बोट खाली गेलं. मग त्या हातांनी एक फडकं घेतलं, त्याची चौपदरी घडी केली, टेबलाच्या कडेला ठेवली आणि उजवं मनगट त्यावर टेकवलं. दोऱ्याचा वेढा करंगळीला दिला. सुई उचलली. सगळं सावकाश, लहान मुलाला दाखवावं तसं. दोनदा दाखवून हात शेजारी शेजारी ठेवले गेले आणि सव्वापाचला चौकट मिटली.

बाईंनी कप बाजूला ठेवला. आपल्या कापऱ्याबद्दल त्या कुणाजवळ एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मग त्यांनी फडक्याची घडी घातली, मनगट टेकवलं, करंगळीला दोरा गुंडाळला. हात निम्म्याने कमी कापला. त्यांना इतकं बरं वाटलं की त्या एकट्याच मोठ्याने हसल्या आणि स्वयंपाकघरातून मोजपट्टींनी विचारलं, काय झालं म्हणून.

चौथ्या आठवड्यात राखाडी हात बाईंच्या बरोबर चालायला लागले. टाक्याला टाका. पाचव्या आठवड्यात बाईंना वाटलं की ते पुढे आहेत. आपल्याला भास होतोय असं स्वतःला समजावून झालं, तरी ते वाटायचं थांबेना. शेवटी त्यांनी मोजपट्टींना बोलावलंच.

"अहो, जरा इथे बसा. त्या शेवटच्या चौकटीकडे बघा आणि माझ्या हातांकडे बघा."

मोजपट्टी खुर्ची ओढून बसले ते घड्याळ घेऊनच. त्यांच्याकडे सेकंदाचे दहा भाग मोजणारं जुनं घड्याळ होतं आणि ते वापरायला मिळालं याचाच त्यांना आनंद झाला होता. तासभर ते कागदावर आकडे मांडत राहिले. तास संपला तेव्हा आनंद मावळला होता.

"तुझं चित्र त्यांच्याकडे जाणार, त्यांचं तुझ्याकडे येणार. त्यात सेकंद तरी जाणारच. आजोबा चार सेकंद मागे, नर्स दीड सेकंद. सगळं ठीक आहे."

"आणि तो?"

"उणे दोन."

"उणे म्हणजे?"

"म्हणजे तू करायच्या दोन सेकंद आधी." त्यांनी चष्मा पुसला. "उशिरा दिसणं मला समजतं. आधी दिसणं समजत नाही."

"क्रम ठाऊक असेल. शिवण काय, एकसारखीच असते."

"तसंच असेल," मोजपट्टी म्हणाले. पण माणूस असा होता की 'तसंच असेल' म्हणून झोप लागायची नाही. बुधवारी पाच वाजता ते खिशात एक नाणं घेऊन खोलीत आले. "तू काही ठरवू नकोस. मी नाणं उडवतो. छापा पडला तर डावीकडून शिवायला घे, काटा पडला तर उजवीकडून. कुणालाच आधी माहीत नको."

चौकट उघडली. राखाडी हात होते तसेच ठेवलेले. मोजपट्टींनी नाणं उडवलं.

नाणं हवेत असतानाच त्या हातांनी फर्मा फिरवला आणि उजवीकडून पहिली सुई घातली.

नाणं टेबलावर पडलं, थोडं फिरलं, आडवं झालं. काटा.

मोजपट्टींनी ते उचललं आणि खिशात टाकलं. पुन्हा उडवलं नाही. "चहा ठेवतो," ते म्हणाले आणि गेले. त्या दिवसानंतर ते तासाच्या वेळी मागच्या खोलीत येईनासे झाले. चहा दारापाशी स्टुलावर ठेवायचे आणि टकटक करायचे.

बाईंना भीती वाटली नाही असं नाही. त्या गुरुवारी तास संपल्यावर आजोबांनी निरोप दिला, फर्म्यांवर खळ सांडली, दुसरं सामान पाठवाल का? बाईंनी अकरावं पाकीट काढायला कपाट उघडलं. पाकिटाचं तोंड त्यांनी स्वतः चिकटवलं होतं तसंच होतं. कात्रीने कापून आतलं बाहेर काढलं.

वर्गात आठ फर्मे शिवून झाले होते. पाकिटातल्या वहीचे दहा झालेले होते.

त्यांनी वही उजेडात धरली. मग टाक्यांवरून बोट फिरवलं. एकसारखे, घट्ट आणि तरी कागदाला न चावणारे. असे टाके त्यांनी स्वतः पंचविशीत घातले होते, जेव्हा छापखान्यातले जुने कारागीरही त्यांचं काम हातात घेऊन बघत बसायचे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. त्यांनी वही पाकिटात परत ठेवली, आजोबांसाठी नवे कागद कापले, आणि मोजपट्टींना यातलं काही सांगितलं नाही.

हात बिघडत चालला होता. फडक्याची घडीही आता पुरेना. पण बाईंना एक नवी गोष्ट सापडली होती. शेवटच्या चौकटीकडे बघत राहिलं आणि तिथले हात करतील तेच केलं, की कापरं थांबत होतं. दोन सेकंद मागे राहायचं, बस्स. स्वतःच्या हातांकडे बघायचंच नाही. ओळखीच्या माणसामागून गर्दीतून चालावं तसं होतं ते, रस्ता शोधायची जबाबदारी आपल्यावर नाही. तोंडाने त्या शिकवत राहायच्या, आजोबांची थट्टा करायच्या, बेकरीवाल्याला ओरडायच्या, आणि हात आपले चालत राहायचे. इतक्या निवांतपणे त्यांनी कधीच शिकवलं नव्हतं. बुधवारचा पाचचा चहा आता त्या दोन कपांनिशी घ्यायच्या. दुसरा कप चौकटीसमोर ठेवायच्या, आणि मग स्वतःच पिऊन टाकायच्या. राखाडी हातांना त्या दिवसभराचं सगळं सांगायच्या. बोट कधी वर व्हायचं, कधी नाही. हल्ली ते प्रश्न पुरा व्हायच्या आतच वर होत असे.

शेवटचा तास गुरुवारी होता. त्यात शिरपट्टी विणायची होती, म्हणजे वहीच्या पाठीच्या वरच्या टोकाला रंगीत रेशमाची बारीक विणलेली कड. सगळ्या कामात हे सगळ्यात नाजूक. त्या सकाळी बाईंच्या हातून भाजी चिरली जाईना. मोजपट्टींनी सुरी काढून घेतली.

"आजचा तास पुढे ढकल."

"नाही हो. पंधरा दिवस घालवून एक वेळ मिळालीय."

"मग नर्सला करून दाखवायला सांग. तिचा हात चांगला आहे."

"संचालक येणार आहेत," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. मोजपट्टी भाजी चिरत ऐकत राहिले. त्यांनी बाईंचा हात धरला, तो त्यांच्या हातातही कापत होता.

साडेचार वाजता बारा चौकटी उघडल्या. दहा ओळखीच्या, एकीत संचालकांचं घड्याळ घातलेलं मनगट. आणि शेवटची.

बाईंनी लाल आणि पांढरं रेशीम घेतलं.

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं नाही.

राखाडी हातांनी सुई उचलली. दोन सेकंदांनी त्यांनी उचलली. लाल खालून, पांढरं वरून, आवळायचं. लाल वरून, पांढरं खालून, आवळायचं. खोलीत आवाज फक्त त्यांचाच होता, शांत, कुठे घाई नाही.

पाचला भिंतीवरचा उजेड गेला. त्यांनी दिवाही लावला नाही.

साडेपाचला शिरपट्टी पुरी झाली. मोहरीच्या दाण्याएवढे टाके, एकही वाकडा नाही. नर्स म्हणाली, "बाई, माझीही जमली!" आणि आजोबांनी पहिल्याच फटक्यात बरोबर विणली होती, त्याचंच त्यांना रडू फुटलं. संचालकांनी घसा साफ केला.

"हे रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. बाई, पुढची तुकडीही तुम्हीच घ्यायची. आणि त्यानंतरचीही."

सगळे निरोप घेऊन गेले. एकेक चौकट मिटत गेली. शेवटची राहिली. बाईंना आभार मानायचे होते.

राखाडी हात उताणे झाले. आजवर त्यांचे तळवे कधी दिसले नव्हते. आता ते उघडे होते, कुणी काही देणार असेल तर पुढे करावेत तसे.

त्याच क्षणी बाईंचे हातही उताणे झाले. दोन सेकंद मागे नाही, पुढे नाही. बरोबर त्याच क्षणी.

बराच वेळ ते तसेच राहिले. मग चौकट मिटली.

नवी तुकडी तीन आठवड्यांनी होती. वेळापत्रकवाल्या मुलीचा फोन एकदाच आला.

"यावेळी कमालच झाली, बाई. दहाच्या दहा जणांना साडेचारच चालतंय. कुणी एक शब्द बोललं नाही."

"बरं झालं. आणि अकरावी ओळ?"

"ती आता ठेवता येत नाही. नवीन पद्धत आलीय. माणूस नसेल तर ओळ नाही."

बाईंनी विनवून बघितलं. मुलगी म्हणाली, माझ्या हातात नाही. फोन ठेवल्यावर बाई कपाटाकडे गेल्या. नव्या तुकडीसाठीही त्यांनी अकरावं पाकीट भरलं होतं, ते काढलं. त्यात बारा कोरे, सुटे फर्मे होते, जसे भरले होते तसे. अधूनमधून उजवा हात इतका कापायचा की त्या तो डाव्याखाली दाबून बसायच्या. पहिल्याच तासाला सगळ्यांना दिसणार. सांगून टाकावं का? पण सोमवार आला आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

साडेचारला दहा चौकटी उघडल्या. हातांच्या दहा नव्या जोड्या. बाईंनी दोनदा मोजल्या. दहाच.

"नमस्कार. इथे चेहरे नकोत, हात हवेत," त्या म्हणाल्या. आवाज ठीक होता. हात मांडीवर होते, एकात एक घट्ट. "आज आपण पहिली घडी घालणार आहोत."

आता हात वर घ्यायला हवे होते. त्या थांबल्या. अजून जरा थांबल्या.

पडद्याच्या कोपऱ्यात त्यांची स्वतःची चौकट होती. तीत टेबल दिसत होतं, त्यावर पसरलेला मोठा कागद. खालच्या कडेने दोन हात आत आले. बाह्या हिरव्या होत्या, त्यांनी आज घातलेल्या. हातांनी कागदाची दोन टोकं धरली, जुळवली, आणि पट्टीने एका दमात घडी दाबली.

बाईंनी समोरच्या टेबलाकडे बघितलं. कागद पसरलेलाच होता.

दहा चौकटींत दहा कागद दुमडले गेले.

"बाई, पट्टी आतून दाबायची की बाहेरून?" कुणीतरी विचारलं.

"आतून बाहेर. कागदाला घाबरू नका, तो तुम्हाला घाबरत नाही," त्या म्हणाल्या, आणि सगळे हसले. त्यांनाही हसू आलं. छातीवरचं ओझं उतरलं होतं. चौकटीतले हात किती सुंदर चालत होते! दुसरी घडी, तिसरी घडी. त्यांनी फक्त बोलायचं होतं, आणि बोलायला त्यांना आवडायचंच.

पाच वाजून दहा मिनिटांनी दारावर टकटक झाली. उत्तर आलं नाही म्हणून मोजपट्टी चहा घेऊन कितीतरी दिवसांनी आत आले. त्यांनी कप बाईंच्या डाव्या बाजूला ठेवला आणि पडद्याकडे बघितलं.

"आज हात अगदी झकास चालतोय की," ते हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. टेबलाखाली त्यांनी बघितलं नाही.

चहाला आल्याचा वास येत होता. बाईंना तो घ्यावासा वाटला. मांडीवरचे हात आता मुळीच कापत नव्हते. त्यांनी डावा उचलायला घेतला. तो उचलला गेला नाही. उजवा उचलायला घेतला. तोही नाही. दोन्ही तिथेच होते, ऊबदार, स्वस्थ, आणि पडद्यावरचे हात कामात होते.

"झाकून ठेवता का तेवढा?" त्या म्हणाल्या. "तास पावणेसहाला संपतो."